पॉइंट दिसला नाही तरी चालेल

पावसाळ्यात मधुचंद्राला जावं, असं कोणी सुचवलं की ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. एक, याच्याकडे पैसे कमी असावेत; दोन, याचं स्वतःचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली असावीत. पैकी पहिली शंका बहुधा खरी निघते आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. जूनच्या मध्यावर महाबळेश्वर-माथेरानची हॉटेलं दर उतरवतात, ते दर बघून पाघळणं हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा पुढे घडतो. ऑफ-सीझनच्या दरात खोली घ्यायची आणि मग पाऊस नेमका चुकवायचा कसा, याचा महिनाभर अभ्यास करत बसायचं. मोबाइलवर तीन अ‍ॅपं, त्यांत ढगांची चित्रं, ‘मंगळवारी साठ टक्के, बुधवारी चाळीस’ अशी टक्केवारी, आणि त्या टक्क्यांच्या फटींत मधुचंद्राचे चार दिवस बसवायची खटपट. मुलाची पत्रिकासुद्धा कोणी इतक्या बारकाईने पाहिलेली नसते. माझं म्हणणं असं की हा सगळा उद्योग उलट्या टोकाने चालला आहे. मधुचंद्र पाऊस चुकवून आखू नये, पाऊस धरून आखावा. कारण नव्या जोडप्याला जे मनापासून हवं असतं आणि सीझनमध्ये दुप्पट पैसे मोजूनही जे मिळत नाही, ते पाऊस फुकटात देतो. ते म्हणजे खोलीत बसून राहण्याचं समाजमान्य कारण.

असं कारण मिळणं किती अवघड असतं, त्याला शिवडीचा दाखला बरा. इथल्या बीडीडी चाळींनी शंभरी गाठली आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर त्यांच्या भावंडांच्या जागी टॉवर उभे राहू लागले. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर, म्हणून त्या रांगेत मागे राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तीत सासू, सासरे, कॉलेजातला दीर, देव्हारा, फ्रिज, शिलाई मशीन आणि माळ्यावर न मावलेली लग्नातली भांडी एवढं आधीच भरलेलं. पण मुख्य अडचण जागेची नसते, दाराची असते. चाळीत दार सकाळी उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावर लागतं. भर दुपारी दार लोटलेलं दिसलं तर त्याचे अर्थ दोनच: घरात कोणी आजारी आहे, नाहीतर कडाक्याचं भांडण जुंपलंय. दोन्ही वेळा शेजारी मदतीला धावतात. ‘काय गं, बरं नाही का?’ म्हणत वाटीभर पेज घेऊन काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या तर नव्या सुनेने काय सांगायचं? टॉवरात राहायला गेलेल्यांचं दार आपसूक लागतं खरं, पण घर बेताचंच आणि लग्नाला आलेले गावचे पाहुणे अजून हलायचे असतात. त्यामुळे या भागात मधुचंद्र ही चैन नव्हे. ती चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेली कडी आहे.

आता ही कडी पावसातच का लावावी लागते? लग्नं मे महिन्यात होतात म्हणून. शाळांना सुट्टी, गावाकडची माणसं मोकळी, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागायच्या आत कार्य उरकायची घाई. पंचांगात चातुर्मासातलेही मुहूर्त दिलेले असतात, पण वर ‘गौण’ असं छापलेलं पाहून मुलीची आजी पंचांग मिटून ठेवते. मेअखेरीला अक्षता पडतात. पाठोपाठ सत्यनारायण, मग कुलदैवत (ते जेजुरीला असेल नाहीतर थेट तळकोकणात), मग दोन्हीकडच्या मामा-मावश्यांची जेवणं. हे सारं आटपून नवरा-नवरी मोकळी होतात तेव्हा जून अर्धा सरलेला असतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तर तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि ‘पावसाच्या आत जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांचे बेत पाण्यात गेले. अधिक महिना आला की आणखी गंमत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन लग्नसराईवर येऊन बसला. धोंड्याच्या महिन्यात लग्न लागत नाही, जावयाला वाण मात्र द्यावं लागतं. तेव्हा पाऊस टाळायचाच म्हटलं तर मधुचंद्र थेट दिवाळीनंतर. तोवर चाळीतल्या बायका ‘काही गोड बातमी?’ विचारू लागलेल्या असतात.

‘पण ऑफ-सीझनला ऑफ-सीझन उगाच म्हणतात का?’ हा पहिला आक्षेप. उगाच नाही म्हणत. पण ज्यांनी म्हणायला सुरुवात केली त्यांची गरज वेगळी होती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८च्या सुमारास महाबळेश्वराला थंड हवेचं ठाणं वसवलं. पुढे मुंबई सरकारचा शिरस्ताच पडून गेला: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. साहेब घाट उतरला की बाजारही उठायचा, बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधल्या जायच्या आणि गाव मिटून घ्यायचं. सीझन म्हणजे मुळात गव्हर्नरच्या मुक्कामाचं वेळापत्रक. गव्हर्नर गेला, त्याचं सरकार गेलं, आणि शिवडीत राहणाऱ्या, बॅलार्ड पिअरला नोकरी करणाऱ्या माणसाने त्या वेळापत्रकाचा मान राखून मे महिन्यात चढे दर मोजावेत, हे १९४७ नंतर जरा जास्तच झालं. शिवाय साहेबाला पाऊस नको होता तो टपाल आणि फायली वेळेवर मिळाव्यात म्हणून. मधुचंद्राला गेलेल्या माणसाला टपाल वेळेवर मिळणं ही आपत्ती आहे.

त्या साहेबांनी मागे ठेवलेली खरी पीडा म्हणजे पॉइंट. सीझनमध्ये महाबळेश्वरला गेलेल्या जोडप्याचे हाल बघा. पहाटे विल्सन पॉइंटला सूर्योदय, कारण १,४३९ मीटरवरचा तो सगळ्यांत उंच. नऊला टॅक्सी दारात हजर. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन, माल्कमच्या मुलीच्या नावाचा केट्स पॉइंट. दुसऱ्याच्या लेकीचा एवढा मान ठेवताना शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोशी बोलायला सवड होत नाही. मग वेण्णा तलावावर होडीसाठी रांग, घोडा, स्ट्रॉबेरी, बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त. सूर्यास्त झाला की पन्नास जोडपी एकदम टाळ्या वाजवतात, आपण नाही वाजवल्या तर वाईट दिसतं. रात्री खोलीत आल्यावर दोघांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे पायाला लावायला बाम. यातलं काही टाळता येत नाही, कारण परतल्यावर तोंडी परीक्षा असते. ‘आर्थर सीट केलंत ना?’ हा प्रश्न चाळीत जिन्यावरच गाठतो आणि ‘नाही, आम्ही खोलीवरच होतो’ हे उत्तर मे महिन्यात देता येत नाही.

तेच जुलैत पाहा. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या अडीचपट. दरीत समोर काही म्हणजे काही नाही, पांढरं. रेलिंग आहे, रेलिंगवर ओली माकडं आहेत, आणि रेनकोटाच्या टोपीतून पाणी निथळत असलेला एक गाइड आहे. तो इमानदारीने हात करतो, ‘साहेब, हा समोर प्रतापगड. जरा डावीकडे घ्या मॅडम, खाली सावित्री नदी.’ दोघंही डावीकडच्या पांढऱ्याकडे वळून ‘अरे वा!’ म्हणतात. सात मिनिटांत दर्शन उरकतं. बाकीचे पॉइंटही असेच दिसतील, असं गाइडच प्रामाणिकपणे कबूल करतो आणि टॅक्सीवाला दुसरं गिऱ्हाईक नसूनही आग्रह धरत नाही. माथेरानला तर नेरळहून वर जाणारी छोटी गाडीच पावसाळ्यात बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढा टप्पा चालू; वर मोटारींना बंदी आहेच. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी दर पावसाळ्यात प्रवाशांना सुचवते ते साधं आहे: जिथे आहात तिथेच थांबा. आता जिन्यावर काकूंनी विचारलं तरी उत्तर तयार. ‘पावसामुळे काही बघताच आलं नाही हो!’ हे वाक्य चेहरा पाडून म्हणायचं. काकू हळहळतात, वर दोन लाडू देतात.

ज्यांच्या खिशात थोडे जास्त पैसे असतात ते म्हणतात, मग पाऊस नसतो तिथेच का जाऊ नये? लडाख घ्या, बाली घ्या. घ्या की. पण जिथे जून ते सप्टेंबर कोरडं असतं तिथे तोच सीझन असतो, म्हणजे जी सवलत बघून हा सगळा विचार सुरू झाला तीच सुटते. बालीत जुलै-ऑगस्ट हे गर्दीचेच महिने. लडाखची कथा तर मला फार आवडते. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर, म्हणून पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस विरळ हवेची सवय होईपर्यंत कुठेही जाऊ नका, जिने चढू नका, दमू नका, खोलीत पडून राहा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. विमानाची तिकिटं काढून, पाऊस ओलांडून शेवटी काय मिळवलं, तर खोलीत पडून राहायचा सल्ला. आणि वर डोकं दुखतं. केरळवाल्यांनी डोकं चालवलं. त्यांचा कर्किटकम महिना धो-धो पावसाचा, तर त्यांनी तो आयुर्वेदिक तेल-मालिशीचा खास महिना म्हणून विकला. दार लावून आडवं पडण्याचे पैसे घेण्याची कला आपल्याकडे अजून आलेली नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप जास्त वजनदार. चातुर्मासात हिंडू नये. नव्या सुनेने पहिल्या आषाढात माहेरी राहावं, असंही बऱ्याच घरांत पाळतात. श्रावणात मंगळागौर, त्याच्या पुढे गणपती, आणि लालबाग-परळच्या पोराला गणपतीत मधुचंद्र सुचवणं म्हणजे त्याला मंडळातून काढून टाकणं. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की शास्त्र माझ्या बाजूचं आहे. चातुर्मासाचा गाभा हिंडू नये हाच आहे. बौद्ध भिक्खू आणि जैन साधू पावसाळ्यात गावोगाव फिरणं थांबवून एका जागी राहतात, कारण वाटेत पायाखाली जीवजंतू चिरडतात. पावसाळी मधुचंद्राला गेलेलं जोडपंही एकाच जागी राहतं, पॉइंटांवर फिरत नाही, घोड्याला त्रास देत नाही. याहून काटेकोर वर्षावास गृहस्थाश्रमात शक्य नाही. मग आषाढात जायचं की नाही हा तपशील उरतो, आणि आषाढ लागायच्या आत ज्येष्ठात दोन ओले आठवडे बहुतेक वर्षी मिळतात.

शास्त्र नको, निसर्गाचं बोला, असं कोणी म्हटलं तर शिवडीकरांना लांब जायला नको. शिवडीच्या किल्ल्याखालच्या चिखलात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून हजारोंनी उतरणारे फ्लेमिंगो मे-जूनमध्ये निघून जातात. मुंबईकर समजतात की पावसाला भिऊन जातात. ते जातात कच्छच्या रणाकडे, आणि तिथे त्यांची वीण होते ती पावसाने रण भरल्यावरच. चिखलाचे उंचवटे करून त्यावर घरटी घालतात. पाऊस कमी पडला तर त्या वर्षीचा बेतच रद्द. शिवडीतून दर साल निघणारी ही एवढी मोठी वऱ्हाडं पाऊस धरून आखणी करतात आणि कोणतंही अ‍ॅप बघत नाहीत.

अ‍ॅपाबद्दल बोलायचं तर मुंबईच्या पावसाचे आकडे मुख्यतः दोन ठिकाणचे छापून येतात, कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. शिवडी मधोमध. ज्याला स्वतःच्या गॅलरीतला पाऊस आधी सांगता येत नाही त्याने तीन आठवड्यांनंतरच्या बुधवारी दुपारी महाबळेश्वरात उघडीप असेल, असं धरून पैसे भरणं हा जुगार झाला. तिथे तर वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो आणि वाईला त्याहून कितीतरी कमी. याच्या उलट ‘जुलैत महाबळेश्वरला पाऊस असेल’ हा अंदाज लावायला हवामान खातं लागत नाही. ज्या बेतासाठी पाऊस लागतो तो बेत फसण्याची शक्यता फार थोडी.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पाऊस माणसं मारतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. तेव्हा लाल इशारा असला तर निघू नये, धबधब्याखाली उभं राहू नये, रात्री घाट चढू नये. पण हे नियम मोडतो कोण? खोलीत बसणारा नव्हे. शनिवारी सकाळी सहलीला निघालेला, पैसे वसूल करायला बाहेर पडलेला माणूस. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्याला ऑफ-सीझन नसतोच, मेगा-सीझन असतो; अटल सेतू शिवडीतच सुरू होतो म्हणून २५० रुपये टोल भरून पाऊण-एक तास वाचवावा तर तो खंडाळ्याच्या कोंडीत व्याजासकट परत द्यावा लागतो. (दुचाकीला सेतूवर मज्जाव आहे, त्यामुळे एकाच रेनकोटात दोघं बसून निघणाऱ्यांनी आधीच दुसरा रस्ता बघावा.) सोमवारी जाऊन गुरुवारी यावं. कोकणात जायचं तर गाडीला पावसाळी वेळापत्रक लागतं, वेग कमी केलेला असतो. ज्यांना घाई आहे त्यांनी मधुचंद्राला जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या पापलेटाची आशा सोडून सोड्याची खिचडी नि सुकटीची चटणी गोड मानायची. गेटवेहून मांडव्याच्या लाँचा बंद, मुरूड-जंजिऱ्याच्या होड्या बंद, तारकर्लीतले पाण्यातले खेळ बंद. यादी वाचून लोक हिरमुसतात. मला तर ती सरकारी खर्चाने केलेली सोय वाटते.

राहता राहिले फोटो. धुक्यात फोटो चांगले येत नाहीत, साडीचा काठ ओला होतो, ‘श्री ४२०’मध्ये १९५५ साली राज कपूर आणि नर्गिस एका छत्रीत उभे राहिले तेव्हापासून प्रत्येक जोडपं तसा एक प्रयत्न करतं आणि एका छत्रीत दोन प्रौढ माणसं मावत नाहीत हे त्यांना प्रत्येकी एका ओल्या खांद्यावरून कळतं. पण आता लग्नाआधीच प्री-वेडिंग शूट झालेलं असतं. समुद्र, सूर्यास्त, किल्ल्याची पडकी भिंत, हातात हात, सगळं आधीच टिपून, एडिट होऊन, हॉलच्या पडद्यावर दाखवून झालेलं. त्यामुळे मधुचंद्र कॅमेऱ्याच्या तावडीतून पहिल्यांदाच सुटला आहे. ती सुटका धुक्यात साजरी करायला काय हरकत आहे? चादरी दमट असतील, मोजे हीटरवर वाळत घालावे लागतील, वीज गेली की मॅनेजर मेणबत्ती पाठवेल आणि बिलात ‘कँडल लाइट’ म्हणून लावेल. तेवढं भांडून कमी करून घ्यावं.

शेवटचा आक्षेप नोकरदारांचा. पाऊस वाढला आणि वेळेवर परतता आलं नाही तर? मला वाटतं, आखणीतला सर्वांत मोठा फायदा इथेच दडला आहे. सीझनमध्ये रजा दोन दिवस वाढवायची तर एखाद्या चुलत आजोबांना पुन्हा एकदा मारावं लागतं, आणि साहेबांच्या नेमकं लक्षात असतं की ते गेल्या डिसेंबरातच वारले. पावसाळ्यात आजोबांना हात लावावा लागत नाही. घाटात दरड, कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी, हार्बर ठप्प, हिंदमाताला बसच्या पायरीपर्यंत तळं, हे साहेबाला त्याच्या घरच्या टीव्हीवर दिसत असतं आणि बहुधा तो स्वतःही तेव्हा ऑफिसात पोचलेला नसतो. ‘अजिबात निघू नका, जिथे आहात तिथेच थांबा’ असं तोच बजावतो. फक्त फोनवर बोलताना मागून पावसाचा आवाज यायला हवा. नेमकी त्याच वेळी उघडीप पडली असेल तर बाथरूममधला शॉवर सोडून ठेवावा.